परवाना खरा, माणूस खोटा : हिंगोलीचा हरिसिंग आणि आगाऊ पैशांची ठगी

१/
कयाधू नदीकाठचे हिंगोली हे एकोणिसाव्या शतकात निजामाच्या राज्यातील एक महत्त्वाचे लष्करी ठाणे होते. हैदराबाद कंटिन्जंटच्या पलटणींची येथे छावणी होती. छावणीच्या आधाराने बाजार वाढला. त्या बाजारात हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता. छावणीतील इंग्रज अधिकारीही त्याच्याशी देवघेव करीत.

२/
एके दिवशी हरिसिंगाने जिल्ह्याचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे अर्ज केला : मुंबईहून कापड आणावयाचे आहे, परवाना मिळावा. मागणी साधी होती आणि माणूस ओळखीचा. परवाना मिळाला. पुढे माल आला आणि छावणीत उघडपणे विकलाही गेला.

३/
तो माल हरिसिंगाचा नव्हताच. हिंगोलीजवळच्या एका गावचा व्यापारी कापड घेऊन मुंबईहून निघाल्याची बातमी त्याला आधीच होती. त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना आणि जनावरे हाकणाऱ्यांना त्याने ठार केले आणि सरकारी परवान्याच्या बळावर माल निर्धोकपणे छावणीत आणला. हरिसिंग हा त्या भागातील ठगांचा म्होरक्या होता.

४/
ही हकिकत निजामाच्या सेवेतील अधिकारी फिलिप मेडोज टेलर यांनी ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या १८३९ च्या कादंबरीच्या प्रस्तावनेत नोंदवली आहे. पकडल्यानंतर हरिसिंगाने स्वतः कबुली दिली नसती, तर हे प्रकरण कधीच उजेडात आले नसते, असे ते लिहितात. छावणीच्या बाजारात, मुख्य पहाऱ्यापासून १०० यार्डांच्या आत खून झाले होते. प्रेते पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम ५०० यार्डांवर, एका कोरड्या ओढ्यात पुरली होती. त्यांतील काही खड्डे उकरले गेले, तेव्हा टेलर तेथे हजर होते. त्यांनीही हरिसिंगाशी पूर्वी व्यवहार केला होता.

५/
ठगांविषयीचे ब्रिटिश लेखन सावधपणे वाचावे लागते. त्याचा बराचसा भाग माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवर उभा आहे. देवीभक्तीच्या आणि वंशपरंपरागत गुन्हेगारीच्या रंगवलेल्या कथांवर आधुनिक इतिहासकारांनी गंभीर प्रश्न उपस्थित केले आहेत. मात्र कार्यपद्धतीविषयी या जबान्या एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात : आधी विश्वास संपादन करायचा, घात नंतर.

६/
ठगांच्या सांकेतिक बोलीत यासाठी स्वतंत्र शब्द होते. गळा आवळणारा तो ‘भुरतोट’. त्याच्याही आधी कामाला लागे तो ‘सोठा’, म्हणजे वाटसरूशी गोड बोलून त्याला टोळीच्या सोबतीला आणणारा. भुरतोटाच्या हाती रुमाल असे; सोठ्याच्या हाती केवळ शब्द असत. पण सोठा अपयशी ठरला, तर रुमालाचा उपयोग नव्हता.

७/
१८३५ मध्ये विल्यम स्लीमन यांच्या देखरेखीखाली ठगांविरुद्धच्या मोहिमेला स्वतंत्र विभागाचे रूप आले. १८३६ मध्ये खास कायदा झाला. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत कलम ३१० ने ‘ठग’ या शब्दाची व्याख्या केली. १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि ती व्याख्या कायद्यातून गेली. भाषेतून मात्र ठग गेला नाही. मराठीत तो आता गळा आवळत नाही. गोड बोलून खिसा रिकामा करतो.

८/
हिंगोलीत हरिसिंग वावरत होता, त्याच सुमारास युरोपात रुमालाविना चालणारी ठगी रूढ होती. फ्रेंच गुप्तहेर व्हिदोक याने १८२८ च्या आठवणींत तिचे वर्णन केले आहे. तुरुंगातील कैदी धनिकांना पत्र लिहीत : ‘मी एका उमरावाचा नोकर. पळून जाताना आम्ही जडजवाहिराची पेटी लपवली. ती परत मिळवण्यासाठी थोडी मदत हवी.’ शंभर पत्रांपैकी वीसांना उत्तर येई, असे व्हिदोक सांगतो.

९/
पुढे हाच डाव ‘स्पॅनिश कैदी’ या नावाने अटलांटिकपार गेला. १८९८ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्याविषयी लिहिताना त्याला जुनीच फसवणूक म्हटले होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस नायजेरियातून निघालेल्या पत्रांमुळे व ईमेलमुळे तेथील फौजदारी कायद्याचे कलम ४१९ जगभर कुप्रसिद्ध झाले. आपल्याकडे ‘चारसोबीस’ हा शब्द असाच दंडसंहितेच्या कलम ४२० वरून रूढ झाला.

१०/
आज तीच पेटी वेगवेगळ्या रूपांत येते. कर्ज मंजूर झाले आहे, फाईलचा खर्च भरा. नोकरी पक्की आहे, अनामत ठेवा. परदेशातून भेटवस्तू आली आहे, सीमाशुल्क भरून सोडवा. शेतात मोबाइल टॉवर बसवायचा आहे, दरमहा भाडे मिळेल. आधी नोंदणी शुल्क पाठवा. टॉवरच्या पत्रावर पुष्कळदा दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे ‘ट्राय’चे नाव व शिक्का असतो. ट्राय असे ना-हरकत प्रमाणपत्र देतच नाही, हे त्या संस्थेने जाहीर केलेले आहे.

११/
फसणारा नेहमी लोभीच असतो, हा समज चुकीचा आहे. नापिकीनंतर कर्ज शोधणारा शेतकरी किंवा नोकरीसाठी वणवण करणारा तरुण हा गरजू असतो. पहिली रक्कम गेली, की ती वाचवण्यासाठी दुसरी जाते. मग लाज तोंड बंद करते. ठगांनाही शांततेचीच साथ होती : वाटसरू घरी परतला नाही, हे कळेपर्यंत टोळी कित्येक कोस पुढे गेलेली असे. फसलेला माणूस गप्प राहिला, तर पुढचा वाटसरू त्याच वाटेने येतो.

१२/
म्हणून कागद पाहून विश्वास ठेवू नये. पैसा कोणत्या दिशेने वाहतो, ते पाहावे. पैसे मिळण्यासाठी आधी पैसे मागितले जात असतील, तर तेथेच थांबावे. पत्रावरील क्रमांकावर चौकशी करण्याऐवजी संबंधित बँकेत किंवा कार्यालयात स्वतः जावे. पैसे गेलेच, तर विनाविलंब १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर किंवा पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवावी आणि संदेश व पावत्या जपून ठेवाव्यात. तक्रार जितकी लवकर होईल, तितकी रक्कम वाटेतच अडवली जाण्याची शक्यता अधिक.

१३/
हिंगोलीच्या बाजारात तो माल आला, तेव्हा सोबतचा परवाना बनावट नव्हता. देणारा अधिकारी खरा होता, कागदही खरा होता. खोटा होता तो फक्त कागद दाखवणारा. आज तर कागदही खोटा असतो.