फुगा, तार आणि जाळी

मागच्या भागात आपण कवटी उघडून मेंदूतल्या अॅन्युरिझमच्या, म्हणजे धमनीवरच्या फुगवट्याच्या, मानेवर क्लिप लावण्यापर्यंत आलो होतो. बाल्टिमोर, 1937, वॉल्टर डँडी. पण काही फुगवटे कवटीच्या तळाशी हाडाआड दडलेले असतात. काही अडीच सेंटिमीटरहून मोठे, आणि त्यांना धड मानच नसते. क्लिप लावणार कुठे?

मॉस्कोच्या बुर्देन्को संस्थेतले सर्जन फ्योदोर सेर्बिनेन्को यांना मे दिनाच्या गर्दीत मुलांच्या हातातले फुगे दोरीने हवे तसे वळताना दिसले आणि कल्पना सुचली, असं सांगतात. गोष्ट थोडी रंगवलेली असेलही, काम मात्र नाही. रक्तवाहिनीतूनच बारीक नळी न्यायची, टोकाचा इवलासा फुगा फुगवायचा आणि तिथेच सोडून द्यायचा. 1974 साली त्यांनी तीनशेहून अधिक रुग्णांचा अनुभव अमेरिकी नियतकालिकात मांडला. अडचण एवढीच, की फुगा गोल आणि फुगवटा वेडावाकडा. पातळ भिंतीवर ताण आला की ती फाटायची भीती.

रोमचे गुइडो गुग्लिएल्मी विजेने रक्त गोठवायचे प्रयोग करत होते. त्यात स्टीलच्या तारेचं टोक झिजून गळून पडलं. दुसऱ्या कुणी तो बिघाड म्हणून सोडून दिला असता! यांनी तोच कामाला लावला. लॉस एंजेलिसला इव्हान सेपेत्कांबरोबर मऊ प्लॅटिनमची कॉइल तयार झाली: नीट बसली तर विजेने सोडायची, नाहीतर मागे ओढायची. मला तर ही मागे ओढायची मुभाच सगळ्यात मोलाची वाटते. पहिला रुग्ण 1990 सालचा.

2002 साली 2143 रुग्णांची तुलना छापून आली. फुगवटा फुटल्यानंतर वर्षभरात मृत्यू किंवा परावलंबित्व क्लिपच्या गटात 30.6 टक्के, कॉइलच्या गटात 23.7 टक्के. मात्र हे दोन्ही उपाय चालतील असे रुग्ण होते. आपले अवघड फुगवटे त्यात जवळजवळ नव्हतेच. रुंद तोंडातून कॉइल बाहेर घसरते.

म्हणून विचारच उलटा झाला. फुगवटा भरायचा नाही, मूळ धमनीलाच आतून दाट जाळीचं अस्तर लावायचं. रक्त सरळ पुढे जातं, फुगवट्यातलं मंदावतं आणि काही महिन्यांत गोठतं. अमेरिकेत अशा जाळीला 2011 साली मंजुरी मिळाली. पण जाळीत गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी दोन औषधं घ्यावी लागतात. फुगवटा नुकताच फुटलेला असेल तर तीच औषधं जिवावर बेततात. अशा वेळी पुष्कळदा आधी फुटलेला भाग कॉइलने कसाबसा भरतात आणि जाळी काही आठवड्यांनी बसवतात. मधले ते आठवडे धोक्याचे.