अदृश्य द्रव आणि दृश्य विश्रांती : मेस्मरची उपचारपद्धती, तीतील संगीत आणि १७८४ चा चौकशी अहवाल

प्रस्तावना :

ऊर्जा-उपचार आणि ध्वनी-उपचार या नावांनी आज ज्या पद्धती प्रचलित आहेत, त्यांच्याविषयीची चर्चा बहुधा दोन टोकांना होते. पुरस्कर्ते एखाद्या अदृश्य शक्तीचा हवाला देतात. टीकाकार ती शक्ती सिद्ध झालेली नाही, एवढ्यावरून सारा अनुभवच निकालात काढतात. उपचार घेणाऱ्यास लाभलेली शिथिलता या वादात कोठेच मोजली जात नाही. हा पेच नवा नसून त्याची मांडणी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातच झालेली आढळते. प्रस्तुत शोधनिबंधात फ्रान्झ अँटन मेस्मर याच्या ‘प्राणिज चुंबकत्व’ या उपचारपद्धतीचा, तीत संगीताला असलेल्या स्थानाचा आणि पॅरिस येथे १७८४ साली झालेल्या चौकशीचा परामर्श घेतला आहे. या चौकशीने एका प्रश्नाचे निर्णायक उत्तर दिले. ते देताना दुसरा प्रश्न मात्र बाजूस ठेवला गेला, हे दाखविणे हा येथील हेतू आहे.

मेस्मर आणि त्याचे दालन :

मेस्मरचा जन्म १७३४ चा. ग्रहांचा मानवी शरीरावरील प्रभाव या विषयावरील प्रबंधासाठी त्याला व्हिएन्ना विद्यापीठाची वैद्यकीय पदवी १७६६ साली मिळाली. पुढे १७७४ मध्ये त्याने एका स्त्री-रुग्णावर लोहचुंबकांचा प्रयोग केला आणि थोड्याच काळात चुंबक बाजूला ठेवून, गुण येतो तो चुंबकामुळे नव्हे, तर उपचारकाच्या देहातून वाहणाऱ्या एका सूक्ष्म विश्वव्यापी द्रवामुळे, असा सिद्धान्त मांडला. द्रवाच्या प्रवाहात अडथळा म्हणजे रोग आणि तो अडथळा दूर होणे म्हणजे आरोग्य, अशी ही उपपत्ती होती. ‘ऊर्जा अडली आहे, ती मोकळी करायची’ ही आजची परिभाषा या उपपत्तीच्या किती निकट आहे, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

मारिया थेरेसिया पाराडिस या अंध पियानोवादिकेवरील उपचारांवरून वादंग माजल्यानंतर मेस्मरने व्हिएन्ना सोडले व १७७८ साली तो पॅरिसला आला. तेथे १७७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत त्याने आपला सिद्धान्त सत्तावीस विधानांत मांडला. त्यांपैकी एक विधान प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे : हे चुंबकत्व ध्वनीच्या द्वारे संक्रमित होते, पसरते आणि वाढते, असे त्यात म्हटले आहे. म्हणजेच मेस्मरच्या लेखी संगीत हे मनोरंजन वा वातावरणनिर्मिती नव्हते; ते द्रवाचे वाहन होते. ऊर्जा आणि नाद यांची सांगड एका उपचार-सिद्धान्तात इतक्या स्पष्टपणे घातलेले हे आधुनिक युरोपातील आरंभीचे उदाहरण होय.

त्याच्या दालनाची रचनाही तशीच होती. मध्यभागी लाकडाचे झाकलेले पिंप, त्यात चुंबकित पाण्याच्या बाटल्या, काचेचा चुरा व लोखंडाचा कीस. पिंपातून बाहेर आलेल्या वाकड्या लोखंडी कांबी रुग्ण आपल्या दुखऱ्या भागाला लावीत. खिडक्यांवर जाड पडदे, भिंतींवर आरसे, सर्वत्र शांतता आणि त्या शांततेत वाद्याचे सूर. मेस्मर स्वतः ग्लास आर्मोनिका हे वाद्य वाजवीत असे. आपल्याकडील जलतरंगात पाण्याने भरलेल्या वाट्यांवर काडीने आघात करतात; या वाद्यात फिरत्या काचेच्या वाडग्यांच्या कडांवर ओली बोटे टेकवून लांब, आघातरहित स्वर काढतात. या स्वराची मोहिनी एवढी होती की त्याने वादकांच्या मज्जातंतूंना अपाय होतो, अशी वदंता पुढे युरोपात पसरली. सुराला औषध मानणाऱ्या काळाने त्याच सुराला विषही मानावे, हे लक्षणीय आहे.

तथापि मेस्मरच्या दालनात विश्रांती हे साध्य नव्हते. द्रवाचा अडथळा फुटताना रुग्णास झटके यावेत, रडू वा हसू फुटावे, यास तो ‘क्रायसिस’ म्हणत असे व ती उपचाराची आवश्यक अवस्था मानीत असे. शांत निद्रेसारखी अवस्था प्रकाशात आणली ती त्याचा शिष्य मार्क्विस द प्युसेगूर याने. आपल्या बुझान्सी येथील जहागिरीत १७८४ साली व्हिक्टर रास या तरुण शेतकऱ्यावर उपचार करीत असता तो झटक्यांऐवजी एका शांत, जागृत-निद्रित अवस्थेत गेल्याचे प्युसेगूरला आढळले. आज ज्यास शिथिलीकरण म्हटले जाते त्याचा या परंपरेतील उगम येथे, एका शेतकऱ्याच्या देहात शोधावा लागतो. पॅरिसच्या त्या दालनात नव्हे.

पासीच्या बागेतील परीक्षा :

त्याच वर्षी सोळाव्या लुईने चौकशी आयोग नेमला. बेंजामिन फ्रँकलिन, रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिए, खगोलशास्त्रज्ञ बायी आणि वैद्य गिलोटिन हे त्याचे सदस्य होते. मेस्मरने सहकार्य नाकारल्याने त्याचा शिष्य देस्लों याच्या उपचारांची तपासणी झाली. फ्रँकलिन वृद्ध व व्याधिग्रस्त असल्याने काही प्रयोग त्याच्या पासी येथील निवासस्थानीच करण्यात आले.

देस्लोंने बागेतील जर्दाळूचे एक झाड ‘चुंबकित’ केले. सुमारे बारा वर्षांच्या एका मुलास डोळे बांधून चार निरनिराळ्या झाडांपाशी नेण्यात आले. पहिल्या झाडापाशी त्याला घाम आला आणि चौथ्यापाशी तो बेशुद्ध पडला. परंतु हे चौथे झाड चुंबकित झाडापासून २४ फूट दूर होते. सर्वच झाडे निसर्गतः थोडीफार चुंबकित असतात, असा खुलासा देस्लोंने केला. त्यावर, तसे असेल तर संवेदनशील माणसास बागेत पाऊल टाकणेच अशक्य होईल, असे आयोगाने नोंदविले. रुग्णास काय चालले आहे हे कळू न देता परिणाम तपासण्याची ही रीत पुढील काळातील अंध-चाचणीची पूर्वज मानली जाते आणि तिचे श्रेय निर्विवाद आहे.

आयोगाचा निष्कर्ष असा की द्रवाचे अस्तित्व सिद्ध होत नाही; दिसणारे परिणाम कल्पना, स्पर्श आणि अनुकरण या तीन कारणांनी घडतात. येथे एक बारकावा लक्षात घ्यावा लागतो. दालनात वाजणाऱ्या पियानोचा उल्लेख अहवालात आहे. सूर व लय बदलताच रुग्णांवर परिणाम होतो, द्रुत लयीने त्यांची अस्वस्थता वाढते, असेही निरीक्षण त्यात आहे. म्हणजे ध्वनीचा शरीरावर होणारा परिणाम आयोगाच्या डोळ्यांसमोर होता. परंतु द्रुत लय अस्वस्थ करीत असेल, तर विलंबित लय शांत करते काय, हा साहजिक प्रश्न विचारला गेला नाही. ग्लास आर्मोनिका हे वाद्य १७६१ साली सिद्ध करणारा गृहस्थ खुद्द फ्रँकलिन हाच होता, हे ध्यानात घेता ही उणीव अधिकच जाणवते. अर्थात आयोगास दोष देणे पूर्णतः न्याय्य ठरणार नाही. त्याच्यापुढे प्रश्न द्रवाचा होता, विश्रांतीचा नव्हता.

हा प्रश्न कोणी विचारलाच नाही, असे मात्र नाही. कल्पनेचे वैद्यक जर सर्वांत गुणकारी असेल तर ते का वापरू नये, असा सवाल देस्लोंने केला होता. रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनच्या समांतर चौकशीत वनस्पतिशास्त्रज्ञ जुस्सिय याने स्वतंत्र अहवाल सादर करून, सर्व निरीक्षणे केवळ कल्पनेच्या खात्यावर टाकता येत नाहीत, असे मत नोंदविले. दोन्ही आवाज अल्पमतातील असल्याने मागे पडले.

हुगळी आणि कलकत्ता :

या परंपरेचा भारतीय अध्याय मोलाचा आहे. कारण तेथे दुःखनिवारणाचा प्रश्न उपपत्तीच्या आधी आला. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील शल्यचिकित्सक जेम्स एस्डेल याने एप्रिल १८४५ मध्ये हुगळी येथे एका कैद्यावर मेस्मेरिझमचा प्रथम प्रयोग केला. अंधाऱ्या खोलीत रुग्णास निजवून त्याच्या देहावरून तासन्‌तास हात फिरविणे व फुंकर घालणे, अशी ती रीत होती. वाद्य नव्हते, होती ती निःशब्दता. हे कष्टाचे काम बहुतांशी एतद्देशीय साहाय्यक करीत. पहिल्या आठ महिन्यांत वेदनारहित शस्त्रक्रियांची संख्या त्याने ७३ दिली आहे. बंगालमधील जादूवाल्यांची झाडफूक आपल्या पद्धतीशी जुळते, हेही त्याने आपल्या १८४६ च्या ग्रंथात मोकळेपणाने मान्य केले.

शासकीय समितीच्या अहवालानंतर कलकत्त्यात १८४६ च्या अखेरीस एक वर्षासाठी प्रायोगिक रुग्णालय स्थापन झाले. रुग्ण ढोंग करतात, असा आक्षेप अनेक युरोपीय वैद्यांनी घेतला. ज्याच्या अंगातून कित्येक पौंडांची गाठ कापून काढली जात आहे, अशा निर्धन माणसाच्या साक्षीवर विश्वास ठेवण्यापेक्षा त्याला लबाड ठरविणे त्यांना सोपे वाटले. वसाहतीच्या इतिहासात ही मनोवृत्ती अपवादात्मक नाही. मात्र एस्डेलच्या पद्धतीस मागे सारले ते या आक्षेपाने नव्हे. १८४६ मध्ये ईथर आणि १८४७ मध्ये क्लोरोफॉर्म उपलब्ध झाले. जे काम तासांत वा दिवसांत होई ते मिनिटांत होऊ लागले. तत्पूर्वीच मँचेस्टरच्या जेम्स ब्रेडने १८४३ च्या ग्रंथात द्रवाची कल्पना सोडून देऊन ‘हिप्नॉटिझम’ ही संज्ञा रूढ केली होती. मराठीत ज्यास मोहिनीविद्या म्हटले गेले, तिचा शास्त्रीय धागा येथून पुढे जातो.

विसाव्या शतकातील पुनरावृत्ती :

द्रवाची कल्पना मात्र नव्या नावांनी परतत राहिली. जपानमध्ये मिकाओ उसुई याने १९२२ साली रेकीची पद्धती सुरू केली. अमेरिकेत १९७० च्या दशकात थिऑसॉफिस्ट डोरा कुन्झ व परिचर्या-प्राध्यापिका डोलोरेस क्रीगर यांनी ‘थेराप्युटिक टच’ प्रचारात आणला. त्याची परीक्षा एमिली रोझा या नऊ वर्षांच्या मुलीने पडद्याआडून घेतली. आपल्या कोणत्या हाताजवळ तिचा हात आहे, हे २१ उपचारकांना २८० प्रयत्नांपैकी केवळ १२३ वेळा ओळखता आले. हा निबंध अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९९८ साली प्रसिद्ध झाला. पासीच्या बागेतील डोळ्यांवरची पट्टी आणि हा पडदा यांत तत्त्वतः भेद नाही. उत्तरही तेच आले.

१७८४ मध्ये राहून गेलेल्या प्रश्नाकडे संशोधक वळले ते अलीकडे. तिबेटी वाडग्यांच्या नादाने ताण कमी झाल्याचे ६२ व्यक्तींवरील एका अभ्यासात २०१७ साली आढळले. परंतु तुलनेसाठी दुसरा गट नसल्याने, नुसते स्वस्थ पडून राहिल्यानेही तेच घडले असते काय, हे त्यातून कळत नाही. इटलीतील बर्नार्डी व सहकाऱ्यांचे कार्य अधिक काटेकोर आहे. लॅटिन जपमाळ किंवा योगमंत्र म्हटल्याने श्वसन मिनिटास सुमारे सहापर्यंत मंदावते व हृदयाच्या लयीशी त्याचा मेळ बसतो, असे त्यांनी २००१ मध्ये दाखविले. येथे अदृश्य काही मानावे लागत नाही. श्वास मोजता येतो.

शिथिलतेचा दावा आणि रोगमुक्तीचा दावा यांतील सीमारेषा या ठिकाणी व्यवहारातही महत्त्वाची ठरते. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत सर्पदंश, विंचूदंश वा श्वानदंश झालेल्यास वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा मानला आहे. तेथे आक्षेपाचा रोख रुग्णास औषधापासून दूर ठेवण्यावर आहे. कर्करोगाच्या रुग्णास मंद सुरांनी झोप लागत असेल तर ती झोप मोलाची आहे. त्या सुरांच्या भरवशावर त्याची शस्त्रक्रिया लांबणीवर पडत असेल तर प्रश्न वेगळा होतो.

बर्नार्डी यांच्याच २००६ च्या प्रयोगात २४ व्यक्तींना निरनिराळ्या लयींचे संगीत ऐकविण्यात आले. द्रुत लयीत श्वसन, रक्तदाब व नाडीचे ठोके वाढले, हे पॅरिसच्या आयोगाच्या निरीक्षणाशी सुसंगतच आहे. विलंबित लयीत ते तुलनेने कमी राहिले. संगीताच्या मध्येच दोन मिनिटांची स्तब्धता ठेवली होती. नाडी व रक्तदाब मूळ पातळीच्याही खाली उतरले ते त्या स्तब्धतेत.