दोनशे मीटर आधी बाजूला होणारे

मलकपेठेत ‘रेस’ म्हटलं की घोडेच. हैदराबादच्या घोड्यांच्या शर्यती १८६८ मध्ये मौला अलीला सुरू झाल्या आणि १८८६ मध्ये सहाव्या निजामाच्या, मीर महबूब अली खानांच्या मर्जीनं मलकपेठेत आल्या. रेसच्या नादी लागलेल्या माणसाला तिथं दोन गोष्टी लवकर कळतात. हजार-बाराशे मीटरचा स्प्रिंटर वेगळा आणि लांब पल्ल्याचा घोडा वेगळा, ही पहिली. दुसरी जरा आतली: एकाच मालकाचे दोन घोडे धावत असले, तर त्यातला एक कधी कधी जिंकण्यासाठी नसतोच. तो पुढं राहून वेग ठेवतो, दमतो, मागं पडतो. आणि त्याच्या आडून दुसरा बाहेर पडतो.

घोड्यांकडचा हा पेसमेकर त्याच काळात सायकलच्या शर्यतींतही होता, पण माणसाच्या रूपात. १८९१ च्या पहिल्या बोर्दो–पॅरिस शर्यतीत इंग्लंडचा जॉर्ज पिल्किंग्टन मिल्स सुमारे साडेसव्वीस तासांत पॅरिसला पोचला, तो वाटेत ताज्या दमाचे पेसमेकर पुढं घेतच. सायकलस्वाराचा खरा वैरी वारा. पुढच्या सायकलच्या चाकाला चिकटून राहिलं, तर जवळपास एक-तृतीयांश शक्ती वाचते. पुढं या शर्यतींत जे काही घडलं, ते याच हिशेबातून.

‘टूर द फ्रान्स’ चालवणाऱ्या आंरी देग्रांजला मात्र हा हिशेबच मान्य नव्हता. प्रत्येकानं आपल्या बळावर पॅरिस गाठावं, ही त्याची हौस. १९०३ च्या पहिल्या टूरमध्ये त्यानं शेवटचा टप्पा वगळता पेसमेकरांना बंदी घातली. १९११ मध्ये मोरिस ब्रोको नावाच्या खेळाडूनं स्वतः जिंकायची आशा सुटल्यावर फ्रांस्वा फाबेरला वाट काढून द्यायला घेतली, तेव्हा देग्रांजनं आपल्या वर्तमानपत्रातून त्याला ‘डोमेस्टिक’, म्हणजे ‘घरगडी’, म्हणून हिणवलं. चिडलेल्या ब्रोकोनं पिरेनीज पर्वतातला पुढचा टप्पा सगळ्यांना मागं टाकून जिंकला. देग्रांजनं त्याला तरीही बाद केलं: एवढी ताकद होती, तर आधी दुसऱ्याची चाकरी का केली, असा त्याचा उलटा न्याय. ती शिवी आज हुद्दा झाली आहे. व्यावसायिक संघात ‘डोमेस्टिक’ म्हणून करार होतो, त्याचा पगार मिळतो आणि त्यातल्या चांगल्या माणसाला दुसरे संघ जास्त पैसे देऊन पळवतात.

१९३० पासून टूरमध्ये राष्ट्रीय संघ आले आणि एकमेकांना मदत करणं उघडपणे सुरू झालं. १९३४ मध्ये फ्रान्सच्या संघात वीस वर्षांचा रने व्हिएतो होता, डोंगरात भल्याभल्यांना दमवणारा. संघनायक आंतोनँ मान्यचं चाक मोडलं, तेव्हा व्हिएतोनं स्वतःचं काढून दिलं आणि रस्त्याकडेच्या कठड्यावर बसून राहिला. त्याचा तो रडवेला फोटो फ्रान्सभर गाजला. पुढच्या टप्प्यात तर तो उलटा चढून मागं आला आणि मान्यला अख्खी सायकल दिली. मान्य टूर जिंकला. व्हिएतोला ती कधीच जिंकता आली नाही.

डोंगरातला त्याग डोळ्यांत भरतो. सपाट रस्त्यावरचा सहसा लक्षातच येत नाही.

सपाटीवर शंभर-दीडशे जणांचा जथा एकत्रच अखेरच्या किलोमीटरच्या लाल निशाणापाशी येतो. तिथून ताशी साठच्या पुढं वेग जातो आणि निकाल लागतो तो चाकाच्या रुंदीनं. १९५३ मध्ये टूरनं गुणांवर ठरणारी हिरवी जर्सी आणल्यावर अशा शेवटांना मोलही आलं. बेल्जियमच्या रिक व्हान लोईनं फाएमा संघात या घोळक्याला शिस्त लावली. त्याचे साथीदार ‘लाल पलटण’ म्हणून ओळखले जात. शेवटच्या किलोमीटरांत वेग इतका चढा ठेवत, की दुसऱ्या कुणाला निसटताच येऊ नये. नव्वदच्या दशकात साएको संघानं मारिओ चिपोल्लिनीसाठी त्याची रीतसर आगगाडी केली. या गाडीत इंजिनच आधी गळतं: पहिला ओढतो, दमला की बाजूला होतो, मग दुसरा, मग तिसरा. शेवटचा लीड-आउट रायडर दोनशे-अडीचशे मीटर उरल्यावर सरकतो आणि तोवर सावलीत ठेवलेला स्प्रिंटर वाऱ्यात येतो. १९९९ च्या टूरमध्ये चिपोल्लिनीनं लागोपाठ चार टप्पे जिंकले. त्यातला लाव्हाल ते ब्ल्वाचा टप्पा ताशी पन्नास किलोमीटरहून अधिक सरासरीनं झाला. वारा पाठीमागून होता, हेही सांगायला हवं. डोंगर लागले की हा गडी घरी जायचा. त्यानं एकही टूर पूर्ण केली नाही आणि त्याबद्दल त्याला खंत वाटल्याचं कधी दिसलं नाही.

आपल्याकडं हे तंत्र फारसं रुजलं नाही. मुंबई–पुणे शर्यतीत बोरघाट आडवा येतो. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत सुमारे पाचशे मीटरचा चढ, आणि माथ्यावर पहिला पोचणारा ‘घाटाचा राजा’. रेल्वे, सेनादल, सांगली-कोल्हापूरकडची पोरं सगळी या चढासाठीच तयारी करायची. घाटात जथा फुटला की आगगाडी जोडायला डबेच उरत नाहीत. लोकांच्या तोंडी पुण्यातल्या विजेत्याइतकंच घाटाच्या राजाचंही नाव असतं, ते उगाच नाही.

एकानं ओढायचं आणि दुसऱ्यानं जिंकायचं, ही संघातली वाटणी सगळ्यात स्वच्छ दिसली स्प्रिंटर मार्क कॅव्हेंडिश आणि त्याचा लीड-आउट रायडर मार्क रेनशॉ या जोडीत. २००९ च्या टूरचा शेवट पॅरिसच्या शांझेलिझेवर झाला, तेव्हा रेनशॉनं शेवटच्या वळणातून कॅव्हेंडिशला इतकं पुढं काढलं, की स्वतः दुसरा आला. २०१० मध्ये त्यानं आडव्या येणाऱ्या प्रतिस्पर्धी ज्युलियन डीनला चक्क डोक्यानं ढुशा दिल्या. कॅव्हेंडिशचा विजय टिकला, रेनशॉला शर्यतीतून घरी पाठवलं. ३ जुलै २०२४ ला कॅव्हेंडिशनं टूरमधला ३५ वा टप्पा जिंकून एडी मर्क्सचा ३४ चा विक्रम मोडला, तेव्हा त्याच्या अस्ताना संघात स्प्रिंटची आखणी शिकवायला रेनशॉच होता. रेनशॉच्या नावावर टूरचा एकही टप्पा नाही. बक्षिसाची रक्कम संघात वाटून घ्यायची जुनी रीत आहे. नोंद मात्र एकाच्याच नावावर होते.

जानेवारी २०२६ मध्ये ‘पुणे ग्रँड टूर’ झाली. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेच्या २.२ दर्जाची, ४३७ किलोमीटरची ही बहुटप्पी शर्यत. मावळ-मुळशीचे चढ होते, तसा सासवडहून बारामतीकडं जाणारा सपाट रस्ताही होता. परदेशी संघ आपापल्या कामांची वाटणी करूनच आले होते: बाटल्या कुणी आणायच्या, निसटलेल्याला कुणी पकडायचं, शेवटी कुणाच्या चाकामागं कोण. घाटासाठी घडलेल्या भारतीय खेळाडूंना हे सगळं दूरचित्रवाणीवर नव्हे, दोन हातांच्या अंतरावर, बारामतीच्या वाटेवर पाहायला मिळालं.