जुनी पोलो जीटी घेताना कोणते इंजिन निवडावे?

फोक्सवॅगनची पोलो २०१० साली भारतीय बाजारात आली आणि २०२२ मध्ये तिचे उत्पादन थांबले. पुण्याजवळच्या चाकण येथे तयार होणाऱ्या या मोटारीच्या 'जीटी' आवृत्त्यांना जुन्या गाड्यांच्या बाजारात आजही मोठी मागणी आहे. आकाराने लहान, पण चपळ आणि वेगवान अशा 'हॉट हॅच' प्रकारात मोडणारी मोटार सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आणणाऱ्या मोजक्या गाड्यांमध्ये तिची गणना होते. मात्र जीटी या एकाच नावाखाली निरनिराळी इंजिने आणि निरनिराळे गिअरबॉक्स विकले गेले. त्यांतील निवड चुकली, तर खरेदीत वाचलेली रक्कम एकाच मोठ्या दुरुस्तीत खर्ची पडू शकते.

१.२ टीएसआय : वेग आणि जोखीम

२०१३ मध्ये आलेल्या पोलो जीटी टीएसआयमध्ये ११९७ सीसीचे, चार सिलिंडरचे टर्बो पेट्रोल इंजिन होते. त्याची शक्ती १०५ अश्वशक्ती आणि टॉर्क १७५ न्यूटन-मीटर. हा टॉर्क १५०० फेऱ्यांपासूनच मिळत असल्याने गाडी हलक्या पावलानेही झेपावते. शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग ९.७ सेकंदांत गाठला जातो, असा कंपनीचा दावा होता. प्रमाणित मायलेज लिटरला १७.२ किलोमीटर असले, तरी शहरातील गर्दीत ते बरेच खाली येते.

या इंजिनाला सात गतींचा डीएसजी गिअरबॉक्स जोडलेला होता. त्यात दोन कोरडे क्लच असतात. एक क्लच चालू गिअर सांभाळतो, तोवर दुसऱ्यावर पुढचा गिअर सज्ज असतो. त्यामुळे गिअर क्षणार्धात बदलतो. हीच रचना या गाडीचे आकर्षण आहे आणि तिची नाजूक बाजूही. क्लच तेलात बुडालेले नसल्याने मुंगीच्या गतीने सरकणाऱ्या रांगेत किंवा चढावर ते तापतात आणि लवकर झिजतात. गिअर बदलण्याचे काम करणारा 'मेकॅट्रॉनिक' हा विद्युत-द्रवचलित भाग बिघडल्यास खर्च भारी असतो. याच जातीच्या गिअरबॉक्समधील कृत्रिम तेल बदलून खनिज तेल भरण्यासाठी फोक्सवॅगनने २०१३ मध्ये जगभरातील सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावल्या होत्या.

१.२ टीएसआय इंजिनाच्या जगभरात दोन पिढ्या झाल्या. इंजिन क्रमांकाची सुरुवात 'सीबीझेड' या अक्षरांनी होत असेल, तर त्यात टायमिंग चेन असते. 'सीजेझेड' असेल, तर टायमिंग बेल्ट. चेन सैल झाल्यास थंड इंजिन सुरू करताच काही क्षण खडखड ऐकू येते. म्हणून अशी गाडी पाहायला जाताना मालकाने इंजिन आधीच तापवून ठेवलेले नाही, याची खात्री करून घ्यावी.

टीडीआय : लांबच्या प्रवासाची सोबतीण

२०१३ मध्येच आलेल्या जीटी टीडीआयमध्ये प्रथम १.६ लिटरचे आणि २०१४ पासून १.५ लिटरचे डिझेल इंजिन होते. कागदावर तिचीही शक्ती १०५ अश्वशक्तीच, पुढे ती ११० झाली. टॉर्क मात्र २५० न्यूटन-मीटर, म्हणजे पेट्रोल जीटीच्या जवळपास दीडपट. चोर्ला किंवा अनमोड घाटात भरल्या गाडीने ओलांडून पुढे जाताना हा फरक स्पष्ट जाणवतो. पाच गतींचा साधा मॅन्युअल गिअरबॉक्स असल्याने डीएसजीची चिंता नाही. क्लच झिजला, तरी त्याची दुरुस्ती आवाक्यातली असते.

डिझेल गाडीला लांब धावणे मानवते. रोज पाच-सात किलोमीटरच्या फेऱ्याच होत असतील, तर इंजिन पुरेसे तापत नाही आणि धूर पुन्हा आत वळवणाऱ्या ईजीआर झडपेवर काजळी साचते. टायमिंग बेल्ट शेवटचा कधी बदलला, याची पावती पाहणे आवश्यक आहे. धावत्या इंजिनात बेल्ट तुटला, तर झडपा पिस्टनवर आदळून इंजिनच निकामी होऊ शकते. शिवाय २०१५ च्या उत्सर्जन प्रकरणानंतर फोक्सवॅगन समूहाने भारतात सुमारे ३ लाख २३ हजार डिझेल गाड्या सॉफ्टवेअर बदलण्यासाठी बोलावल्या होत्या. त्यांत १.५ आणि १.६ लिटरची इंजिनेही होती. त्या काळातील गाडीवर हे काम झाले आहे का, हे अधिकृत सेवा केंद्रात चासी क्रमांक देऊन विचारता येते.

१.० टीएसआय : अखेरची पिढी

एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ मानके लागू झाली आणि पोलोतील डिझेल इंजिन बंद झाले. १.२ टीएसआयची जागा ९९९ सीसीच्या तीन सिलिंडरच्या टर्बो इंजिनाने घेतली. शक्ती ११० अश्वशक्ती, टॉर्क पूर्वीइतकाच, १७५ न्यूटन-मीटर. तीन सिलिंडरमुळे मंद गतीला किंचित थरथर जाणवते आणि १.२ ची मखमली सफाई येथे नाही. पण जीटीमध्ये डीएसजी जाऊन टॉर्क कन्व्हर्टर असलेला सहा गतींचा ऑटोमॅटिक आला. त्याची गिअर बदलण्याची चपळाई कमी असली, तरी गर्दी तो अधिक निमूटपणे सोसतो. प्रमाणित मायलेज ऑटोमॅटिकला १६.४७ आणि मॅन्युअलला १८.२४ किलोमीटर.

येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. हेच इंजिन सहा गतींच्या मॅन्युअल गिअरबॉक्ससह 'हायलाइन प्लस' या आवृत्तीत मिळत असे आणि तिच्यावर जीटीचा बिल्ला नव्हता. स्वतः गिअर बदलण्याचा आनंद हवा असणाऱ्याने केवळ जीटी नाव शोधल्यास ही गाडी त्याच्या नजरेतून निसटते.

बिल्ल्यावर विसंबू नये

जीटीचा बिल्ला कोणत्याही पोलोवर चिकटवता येतो. त्यामुळे नोंदणी प्रमाणपत्र बारकाईने वाचावे. साध्या १.२ पेट्रोल पोलोचे इंजिन ११९८ सीसीचे आणि तीन सिलिंडरचे आहे. जीटी टीएसआयचे ११९७ सीसीचे आणि चार सिलिंडरचे. एका सीसीचा हा फरक ७५ आणि १०५ अश्वशक्तींतला फरक आहे. ९९९ सीसीचे इंजिन टर्बो आणि बिनटर्बो अशा दोन्ही रूपांत आले आणि १४९८ सीसीचे डिझेल साध्या पोलोतही होते. अशा वेळी प्रमाणपत्रावरील मॉडेलचे पूर्ण नाव आणि इंजिन क्रमांक यांचाच आधार घ्यावा.

चाचणी आणि कागदपत्रे

डीएसजीची परीक्षा मोकळ्या महामार्गावर होत नाही. किमान अर्धा तास गाडी चालवून, ती पुरती तापल्यावर गर्दीत आणि चढावर हळू सरकवून पाहावी. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये धक्के बसणे, रिव्हर्स पडण्यास विलंब होणे किंवा फलकावरील गिअरचा आकडा लुकलुकणे ही धोक्याची चिन्हे आहेत. किनारपट्टीवरील गाडी लिफ्टवर चढवून खालच्या बाजूचा गंज तपासावा. पेट्रोल आवृत्तीत इंधनाच्या रबरी नळ्याही पाहाव्यात, कारण आज पंपांवर मिळणारे २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल या गाड्या बनल्या तेव्हा प्रचलित नव्हते.

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. २०१३ ची गाडी २०२८ मध्ये ही मर्यादा गाठेल. त्यानंतर तपासणीअंती पाच-पाच वर्षांचे नूतनीकरण होते. पुणे, कोल्हापूर किंवा बेळगावहून गाडी आणताना त्या राज्याचे ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, लागते. गोव्यात कायम ठेवायची असल्यास फेरनोंदणी करून येथील कर भरावा लागतो. मालकी हस्तांतरणासाठी नमुने २९ व ३० आणि गाडीवर कर्ज असल्यास ते फिटल्याचा नमुना ३५ लागतो. हा खर्च किमतीत धरूनच सौदा करावा.

कोणी काय घ्यावे?

घाटातून वारंवार लांबचा प्रवास करणाऱ्यास टीडीआय सोयीची. पणजी-मडगावच्या वर्दळीत रोज ऑटोमॅटिक चालवणाऱ्यास १.० टीएसआय निर्धोक, पण तिची किंमत तिघींत सहसा अधिक असते. १.२ टीएसआय चालवण्याचा आनंद देते. ती घेणाऱ्याने संपूर्ण सर्व्हिस नोंदी असलेलीच गाडी निवडावी आणि गिअरबॉक्सच्या संभाव्य दुरुस्तीची रक्कम वेगळी राखून ठेवावी. ती रक्कम बाजूला काढणे शक्य नसेल, तर कमी किमतीच्या १.२ चा मोह टाळलेला बरा.