न दिसणाऱ्या खळ्याचे अंतरंग

चंद्राभोवती पडलेले खळे आपण सर्वांनीच पाहिले आहे. दीर्घिकांभोवतीही तसेच खळे असते. मात्र ते दिसत नाही, आणि आतल्या दीर्घिकेहून कितीतरी पटींनी जड असते. १९३३ साली फ्रिट्झ झ्विकी यांना अरुंधती-केशातील दीर्घिकागुच्छाच्या अभ्यासात या कृष्णद्रव्याची चाहूल लागली. १९७० साली व्हेरा रुबिन व केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेचे भ्रमण मोजले, तेव्हा ती अधिक स्पष्ट झाली.

हे खळे आतून कसे आहे, याचे उत्तर प्रथम संगणकाने दिले. आरंभीच्या विश्वात जवळजवळ सारखे पसरलेले द्रव्य घ्यायचे, त्याचे हजारो कण कल्पायचे आणि त्यांना केवळ गुरुत्वाकर्षणाच्या स्वाधीन करायचे, अशी ही रीत. हुलिओ नवारो, कार्लोस फ्रेंक आणि सायमन व्हाइट यांनी १९९६ व १९९७ साली दाखविले की, खळे लहान असो वा मोठे, त्याची घडण एकाच सूत्रात बसते. केंद्राजवळ अंतर निम्मे झाले की घनता दुप्पट होते. बाहेरच्या भागात अंतर दुप्पट झाले की घनता एक-अष्टमांश उरते. २००८ सालच्या ‘अ‍ॅक्वेरियस’ प्रकल्पात तर आपल्या आकाशगंगेएवढ्या एकाच खळ्यात सुमारे ३ लाख लहान खळी आढळली.

परंतु आकाशाची साक्ष वेगळी होती. सूत्र प्रसिद्ध होण्यापूर्वीच, १९९४ साली, रिकार्डो फ्लोरेस व जोएल प्रायमॅक यांनी, तसेच बेन मूर यांनी स्वतंत्रपणे, या विसंगतीकडे लक्ष वेधले होते. खुज्या दीर्घिकांच्या केंद्रात गणित शिखर सांगत होते. निरीक्षणात पठार दिसत होते.

मग चूक कोठे? कृष्णद्रव्याचे कण एकमेकांवर आदळत असावेत, असे २००० साली डेव्हिड स्पर्गेल व पॉल स्टाइनहार्ट यांनी सुचविले. दुसरे उत्तर आम्हांस अधिक बोधप्रद वाटते. या गणितात तारे व वायू धरलेच नव्हते. एकूण द्रव्यात त्यांचा वाटा जेमतेम एक-षष्ठांश. अँड्र्यू पाँटझेन व फाबिओ गव्हर्नाटो यांनी २०१२ साली दाखविले की, मरणाऱ्या ताऱ्यांचे स्फोट केंद्रातील वायू वारंवार बाहेर फेकतात. त्यामुळे तेथील गुरुत्वाकर्षण हेलकावते, कृष्णद्रव्य बाहेर सरकते आणि शिखराचे पठार होते.

वाद अद्याप मिटलेला नाही. कृष्णद्रव्याचा कणही आजवर कोणत्याही प्रयोगशाळेत निर्विवादपणे सापडलेला नाही. तथापि एक गोष्ट निश्चित. हिशेब आणि आकाश जुळत नसतील, तर क्षुल्लक म्हणून आपण काय गाळले, हे आधी तपासावे लागते.