नियम सगळ्यांचे, जग कंपनीचं

आपल्याकडची मुलं बेसमेंटमध्ये वीस बाजूंचे फासे टाकत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळताना तुम्ही पाहिली असतीलच. एकाने गोष्ट रचायची, बाकीच्यांनी तिच्यातली पात्रं व्हायचं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेत निघाला.

२००० साली ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ कंपनीच्या रायन डॅन्सी यांनी मुक्त सॉफ्टवेअरचा कित्ता गिरवत त्याचं ‘ओपन गेम लायसन्स’ आणलं. खेळाचे नियम कोणीही घ्यावेत, त्यावर पुस्तकं छापून विकावीत, कंपनीला पैसे देऊ नयेत. मात्र ‘फरगॉटन रेल्म्स’सारखी जगं, तिथली गावं, माणसं राखीव! गंमत म्हणजे कॅनडाच्या एड ग्रीनवुड यांनी हे जग खेळ निघण्याआधी, लहानपणीच कल्पिलं होतं; पुढे ते विकलं गेलं. ‘पायझो’ने याच लायसन्सवर २००९ साली ‘पाथफाइंडर’ उभा केला आणि आपलं ‘गोलॅरियन’ जग तसंच राखून ठेवलं. मला यात ढोंग वाटत नाही. कोणीही उठून राजाला मारू लागला, तर सलग गोष्ट उरेल कशी?

जानेवारी २०२३ मध्ये मात्र जुनं लायसन्स रद्द करून मोठ्या प्रकाशकांकडून रॉयल्टी घेण्याचा मसुदा फुटला. खेळाडू खवळले, अनेकांनी वर्गणी बंद केली. २७ जानेवारीला कंपनीने मूळ नियम ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’खाली खुले केले. हे आता परत घेता येत नाही. ‘फरगॉटन रेल्म्स’ मात्र त्यात नव्हतं.