अवघड जमीन कोणती?

हेलिकॉप्टरसाठी अवघड जमीन म्हटली की खडक, घळी, तीव्र उतार डोळ्यांसमोर येतात. वैमानिकाविना उतरणाऱ्या हेलिकॉप्टरांचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. माणसाला अवघड वाटणारी जमीन यंत्राला वाचता येते. त्याचा घात होतो तो नजर ठरावी असे काहीच नसलेल्या जमिनीवर.

सुरुवातीला हा प्रश्न उभाच राहिला नाही, कारण जागा निवडण्याचे काम माणसाकडे होते. 1960च्या दशकात अमेरिकी नौदलाची क्यूएच-50 हेलिकॉप्टरे जहाजावर उतरत, तेव्हा डेकवरचा माणूस रिमोटने त्यांना खाली आणत असे. 2010 साली ॲरिझोनात कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि पियासेकी कंपनी यांनी ‘लिटल बर्ड’ या पूर्ण आकाराच्या हेलिकॉप्टरवर लेसर स्कॅनर बसवला आणि निवडीचे ते काम यंत्राकडे गेले. लेसरने टिपलेल्या असंख्य बिंदूंवरून संगणक जमिनीचा उतार आणि खडबडीतपणा मोजत होता, भोवतालचे अडथळे पाहत होता आणि उतरायची जागा स्वतः ठरवत होता. उंचसखल जमीन आकड्यांत मांडता येते, हे या चाचण्यांनी दाखवले.

नासाच्या ‘इंजेन्युइटी’ या छोट्या हेलिकॉप्टरने खरी परीक्षा दिली ती मंगळावर. संदेश पोहोचायला काही मिनिटे लागत असल्याने तिथे रिमोटचा उपयोग नव्हता. सुमारे 1.8 किलो वजनाच्या या यंत्राचा खाली रोखलेला कॅमेरा सेकंदाला 30 कृष्णधवल छायाचित्रे घेई आणि त्यांतले खडे, कडा, सावल्या किती सरकल्या यावरून यंत्र आपला वेग ठरवी. मे 2021 मधल्या सहाव्या उड्डाणात एकच छायाचित्र हरवले, पुढच्या सगळ्या छायाचित्रांच्या वेळा चुकल्या आणि यंत्र हेलकावे खाऊ लागले. तरी ते सुखरूप उतरले, कारण उतरण्याच्या अखेरच्या टप्प्यात कॅमेऱ्याकडे दुर्लक्ष करण्याची सोय अभियंत्यांनी आधीच केली होती. नोव्हेंबर 2022 मध्ये उतरताना धोके टाळणारे सॉफ्टवेअर आले, आणि खडकाळ भागातही जागा शोधणे सोपे झाले. शेवट झाला तो 18 जानेवारी 2024 रोजी, 72व्या उड्डाणात, गुळगुळीत वाळूच्या लाटांवर. नासाच्या तपासणीनुसार कॅमेऱ्याला धरण्याजोग्या खुणा पुरेशा मिळाल्या नाहीत, आडवा वेग चुकीचा समजला गेला, वाळूच्या उतारावर यंत्र जोरात आदळले आणि झटक्याने कलताना त्याची पाती तुटली.

मंगळाची विरळ हवा आणि इवलेसे यंत्र यांचा हा अपवाद आहे, पृथ्वीवर असे घडणार नाही, असे कोणी म्हणेल. पण इराक आणि अफगाणिस्तानात अनुभवी वैमानिकही याच कारणाने संकटात सापडले. पंख्याने उडवलेल्या धुळीत जमीन दिसेनाशी होते, हेलिकॉप्टर बाजूला सरकत असल्याचे कळत नाही आणि टेकताना ते कलंडते. तेव्हा हा दोष केवळ यंत्राचा नाही. आडवा वेग समजला नाही तर माणूस आणि यंत्र दोघेही फसतात. दुसरा आक्षेप असा की पृथ्वीवर जीपीएस आहे. जीपीएस वेग सांगते हे खरे, पण अरुंद दरीत ते अडखळते, युद्धात ते जाणूनबुजून बिघडवले जाते आणि पायाखालचा उतार तर ते सांगतच नाही.

म्हणून जमिनीची प्रतवारी केवळ खडकांवरून करणे अपुरे आहे. उतरणाऱ्याला तिथे काय कळू शकते, हेही मोजले पाहिजे. नासाचे ‘ड्रॅगनफ्लाय’ हे उडते यान शनीच्या टायटन या चंद्रावर ज्या भागात पाठवायचे ठरले आहे, तो वाळूच्या टेकड्यांचा आहे, आणि पृथ्वीवरून तिथे संदेश पोहोचायला तासाहून अधिक वेळ लागतो. अशा यंत्रांची कसोटी खडकाळ मैदानांइतकीच ओसाड, एकसारख्या वाळूवरही लागली पाहिजे. 72व्या उड्डाणाची किंमत मोजून मिळालेला हा धडा पुढच्या यंत्रांच्या आराखड्यात उतरला, तरच ती किंमत कारणी लागेल.